माहेरच्या नावाचा अर्ज

"या नावाची पोरगीच नव्हती आमच्याकडे, असं लिहून पाठवलं त्याईनं," खिडकीआडून कारकून वसंतराव म्हणाले आणि उमरेडच्या कॉलेजचं पत्र त्यांनी जाळीखालून बाहेर सरकवलं.

जिजाबाईंनी पत्र हातात घेतलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. टाइप केलेली अक्षरं लावायला त्यांना वेळ लागे, आणि मागे पोरींची रांग उभी होती. त्यांनी ते शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे दिलं. सुनेनं वाचलं, होती तशी घडी केली आणि मान खाली घातली.

"नव्हती कशी जी?" जिजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं शिकली तिथं. कुहीवरून येष्टीनं जात होती रोज. आता लगन झालं, इथं नंदनवनच्या वस्तीत आली, म्हनून शेवटचं वर्ष इथं करतो म्हटलं. तिथून काढून इथं टाकाचं, एवढंच तं काम हाय."

"काम एवढंच हाय, पन तुमी अर्जावर नाव काय लिहिलं? अंबिका अनंत लांजेवार. आता ही मार्कलिस्ट पाहा." वसंतरावांनी कागदावर बोट ठेवलं. "शामला मनोहर तितरमारे. उमरेडवाले त्याईच्या रजिस्टरमंधी अंबिका कुठून आनतीन?" मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुमचं नाव काय बाई?"

"अंबिका."

"मंग हे शामला कोन होय?"

सुनेनं एकदा सासूकडे पाहिलं आणि परत खाली.

"बहीन असंन सर!" रांगेतून एक पोरगी म्हणाली, आणि दोघी-तिघी फिसकन हसल्या.

"चूप राहा वं. तुमचा नंबर येऊ द्या, मंग दाखवा अक्कल." वसंतराव माणूस वाईट नव्हते. पंधरा वर्षं त्या खिडकीत बसून त्यांचा आवाज तेवढा चढा झाला होता. जिजाबाईंकडे वळून त्यांनी आवाज थोडा खाली आणला. "बाई, दोन रस्ते हायेत. नाव बदललं म्हनून गॅझेटात छापून आना. त्याले तीन महिने लागते. नाही तं उमरेडले जा, जुन्या नावानं अर्ज करा, त्याच नावाचा दाखला अन् ना-हरकत आना, अन् इथं बी त्याच नावानं भर्ती व्हा. गुरुवार शेवटची तारीख. त्याच्यानंतर मी तं नाही, प्रिन्सिपॉलसाहेब बी काही करू शकत नाही."

"मंग इथं तिले कोन्त्या नावानं बोलावतीन?"

"जुन्याच. हजेरीले, परीक्षेले, डिग्रीवर बी थेच. अन् घरच्या मोठ्या मानसाच्या हातचं लेखी पाह्यजे, का दोन्ही नावाची पोरगी एकच होय. तुमी लिहून द्या, नाही तं तिच्या मालकाले पाठवा. चला, पुढची या."

जिजाबाई बाजूला झाल्या. सुनेनं त्यांची पिशवी घेतली. दोघी फाटकापर्यंत चालत आल्या.

जिजाबाईंचा मुलगा अनंता सात वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ताप उतरला नाही. बाविसाव्या दिवशी डॉक्टर काही न बोलता पायऱ्या उतरून गेले, तेव्हा जिजाबाई तशाच अनवाणी कोराडीला गेल्या आणि देवीपुढे उभ्या राहिल्या. पोर वाचव, त्या म्हणाल्या. याची बायको ज्या दिवशी माझ्या घरात येईल, तिला तुझं नाव देईन. दुसऱ्या नावानं माझ्या तोंडून तिला कधी हाक जाणार नाही. रात्रीतून ताप उतरला. तेव्हापासून अठरा वर्षं, सकाळी तोंडात पाणी घालण्याआधी जिजाबाई एका वहीत देवीचं नाव एकशे आठ वेळा लिहीत. अशा वह्यांनी एक पेटी भरली होती. याउप्पर त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

गेल्या वैशाखात अनंतानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव काढलं तेव्हा त्या मागे उभ्या होत्या. अं निघाला, बि निघाला, का निघाला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरगीही गुणाची. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिनं आपल्या सगळ्या पुस्तकांवरच्या नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर नवं नाव लिहिलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. जिजाबाईंना ते फार आवडलं होतं. चिकटवायची खळ त्यांनीच करून दिली होती.

पण देवीला दिला तसा त्यांनी आणखी एक शब्द दिला होता. साक्षगंधाच्या दिवशी कुहीला, सगळी माणसं जमलेली असताना, पोरीचे वडील मनोहरराव हात जोडून म्हणाले होते, "मले काही मागनं नाही. पोरीचं बी.ए.चं एक वर्ष राह्यलं, थे होऊ द्या." पुरुष एकमेकांकडे पाहायला लागले. तेव्हा बायकांमधून जिजाबाईच म्हणाल्या होत्या, "होईन. माह्या शब्द हाय."

घरी त्यांचे यजमान वामनराव अंगणात बाजेवर बसून सुपारी कातरत होते. मिलमधून सुटल्यापासून त्यांचा दिवस बाजेवर उगवायचा. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "सरकारले तुह्यी देवी कशी दिसंन वं? त्याईले मार्कलिस्ट दिसते."

"थट्टा नोका करू."

"थट्टा कायची? उद्या डिग्री फ्रेम करून भितीवर टांगशीन, अन् तिच्यावर तितरमारे! पाहुने म्हनतीन, हे कोन्या भाडेकरनीची होय?" आपल्याच बोलण्यावर ते हसले आणि मग सून दारात उभी आहे हे पाहून खोकले. "चांगलीच हाय पोरगी. मी कुठं काय म्हनलं."

अनंता दिवस मावळता कळमेश्वरहून आला. कारखान्यातल्या तेलाचे हात त्यानं नळावर दोनदा धुतले. आईचं ऐकून तो म्हणाला, "एवढं काय त्याच्यात? एक साल थांबू. गॅझेट करून घेऊ अन् पुढच्या साली भर्ती करू. तुह्या नेम बी राहीन, तिची डिग्री बी राहीन."

"अन् तिचं काय मन हाय?"

"तिले विचार ना."

सून भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. माह्यापायी नेम नोका मोडू. घरी बसून बी वाचता येते."

तिचा आवाज साधा होता. रुसवा नव्हता, रडं नव्हतं. जिजाबाईंना बरं वाटलं. जेवणं झाली, भांडी झाली. त्या अंथरुणाची चादर काढायला आतल्या खोलीत गेल्या तर सून पेटी उघडून बसली होती. महिनाभरापूर्वी कॉलेजसाठी म्हणून वर काढलेली पुस्तकं ती पुन्हा आत ठेवत होती. एक पुस्तक, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर दुसरं पुस्तक. सगळ्यात खाली नकाशांचं मोठं पुस्तक होतं. भूगोल तिचा विषय. त्याच्या तर पानापानांत तिनं पाला घातला होता.

जिजाबाई चादर न घेताच परत आल्या. लुगडी, शालू, गादीतला कापूस, पुढच्या पिढीसाठी ठेवायचं जे जे असतं त्यात त्यांनी आजवर कडुनिंब घातला होता. एका वर्षासाठी कोणी घालत नाही.

पहाटे उठून त्यांनी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, देवापुढे दिवा लावला आणि वही उघडली. एकशे आठ नावं लिहून झाली तरी त्या उठल्या नाहीत. त्या देवीकडे पाहत बसल्या. मी बोलले ते तोंडानं, त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या नावानं हाक मारणार नाही असं म्हटलं होतं. लिहिणार नाही, असं कुठं म्हटलं होतं? लगेच त्यांना लाज वाटली. देवीशी असं वाण्याच्या दुकानात बोलावं तसं बोलायचं? पण दुसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता, आणि देवीला दिसत असला तर तिनं तो दाखवला नाही. चार महिने एकभुक्त राहीन, त्यांनी मनात म्हटलं, आणि दिव्यापुढे डोकं टेकलं.

मग बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "अंबिका, लुगडं बदल माय. उमरेडले जाचं हाय."

सुनेच्या हातातला झाडू थांबला. "आत्याबाई, तुमचा तं आज मंगळवार. उपास."

"उपासानं येष्टीत बसू नाही देत का?"

उमरेडच्या कॉलेजच्या फाटकाशी घंटेजवळ लहानू शिपाई बिडी ओढत बसला होता. त्यानं लांबूनच ओळखलं आणि बिडी पायाखाली घातली.

"अवं शामला! लगन झालं अन् विसरली का आमाले?"

सुनेनं आधी जिजाबाईंकडे पाहिलं. पदर सारखा केला. मग नुसती हसली.

"हे तुह्या सासूबाई का? राम राम बाई." लहानू उठून उभा राहिला. "तुमाले सांगतो, या पोरीनं दोन वर्षं माह्यं काम खाल्लं. भूगोलाच्या तासाले नकाशा टांगाले मी जाओ, तं ही पयलेच टांगून बसे. अन् बाकीच्या पोरी येष्टीसाठी म्हनत, लहानूभाऊ, घंटा लवकर वाजवा ना. ही म्हने, उशिरा वाजवा. शेवटची गाडी हुकली तरी चालंन म्हने!"

"असं नव्हतं म्हटलं लहानूभाऊ."

"म्हटलं नव्हतं? घ्या! आता सासू संग हाय तं खोटं बोलून राह्यली." तो जिजाबाईंकडे पाहून हसला. "आता काय म्हनून हाक मारू वं तुले? नाव तं बदललं असंन."

सून पुन्हा जिजाबाईंकडे पाहायला लागली. जिजाबाई घंटेकडे पाहत राहिल्या.

जुन्या नावानं अर्ज केल्यावर तासाभरात दाखला आणि ना-हरकत दोन्ही मिळालं. तिथल्या कारकुनानं शाईवर फुंकर घालत म्हटलं, "अशा पोरीचा दाखला फाडाचा जीव होत नाही. पन तिकडे नाव काढ." परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. रस्त्यालगत एक ओढा दिसला तसं सुनेनं सांगितलं, हा ओढा कुठं वळतो, कोणत्या नदीला लागतो, आणि शेवटी सगळं पाणी वैनगंगेला कसं जातं. धान कुहीकडे का होतं आणि काटोलकडे संत्रा का, तेही सांगितलं. दोन महिन्यांत ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. जिजाबाई "हो का" म्हणत ऐकत होत्या. नंदनवनाचा थांबा जवळ आला तसं तिनं पदर नीट घेतला आणि बोलणं थांबलं.

गुरुवारी खिडकीवर गर्दी होती. वसंतरावांनी दाखला उलटसुलट पाहिला आणि एक कोरा कागद आणि पेन जाळीखालून पुढे केलं. "मी सांगतो तसं लिहा. मी, जिजाबाई वामन लांजेवार, लिहून देते का माझी सून..."

जिजाबाईंनी कठड्यावर कागद ठेवला. आपलं नाव त्यांनी लिहिलं. पुढे 'अंबिका' आलं, ते तर हातानं आपोआप लिहिलं, रोजच्या वळणाचं, न थांबता.

"...हिचं लग्नाआधीचं नाव..."

त्या थांबल्या. मागची पोरगी म्हणाली, "आजी, लिहून देऊ का मी?"

"नको माय. येते मले."

त्यांनी श काढला. त्याची गाठ जरा मोठी झाली. मग म आणि त्याच्या आधीचा काना राहून गेला, तो मागे जाऊन दिला. मग ला. सगळं नाव पुन्हा एकदा मनातसुद्धा न वाचता त्यांनी पुढचं लिहिलं आणि खाली सही केली.

वसंतरावांनी कागद वाचला. "अक्षर चांगलं हाय तुमचं. काही लिहीत राहता का?"

"देवीचं नाव लिहिते जी. रोज."

वसंतरावांनी वर पाहिलं. शिक्का उचलला आणि कागदावर जरा हळूच मारला. "सोमवारपासून वर्ग हाय. वरच्या माळ्यावर, खोली सात."

सोमवारी अनंताची सकाळची पाळी होती, म्हणून सुनेला सोडायला जिजाबाईच आल्या. एकदा रस्ता दाखवला की उद्यापासून ती एकटी येईल, असं ठरलं होतं. सून निळ्या काठाचं लुगडं नेसून होती. वर्गात बाकीच्या पोरी साड्यांत, दोन वेण्यांत. ती दुसऱ्या बाकावर खिडकीजवळ बसली आणि वही उघडून तिनं दोन्ही हात वहीवर ठेवले. जिजाबाई म्हणाल्या होत्या, सर आले की जाते. त्या बाहेर व्हरांड्यात भिंतीशी उभ्या राहिल्या.

सर आले. उंच, वाळलेले, खडूची पेटी काखेत. त्यांनी नवा हजेरीपट उघडला. जिजाबाईंनी जायला पाऊल उचललं, पण नावं सुरू झाली तशा त्या थांबल्या. एकेक नाव, आणि एकेक आवाज. कोणाचा बारीक, कोणाचा घाईचा. येस सर. येस सर.

"शामला तितरमारे."

कोणी बोललं नाही.

"शामला तितरमारे."

खिडकीतून सुनेचे डोळे व्हरांड्याकडे आले. तिला नाव ऐकू आलं होतं. ती विचारत होती. जिजाबाईंनी मान हलवली, हो म्हणून. सुनेनं ते पाहिलं, तरी ओठ उघडले नाहीत. मान तर सासू घरीही हलवी, पाहुण्यांसमोर गप्प बस म्हणायचं असलं तरी हलवी. त्या मानेचा अर्थ लावायचा कसा?

"नाही आली वाटतं," सर म्हणाले आणि त्यांनी पेन टेकवलं.

"शामला, आवाज दे वं."

आवाज मोठा नव्हता. पण वर्ग शांत होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. जिजाबाईंना स्वतःलाही तो दुसऱ्या कोणाचा यावा तसा ऐकू आला.

सून उभी राहिली. "येस सर."

सरांनी खूण केली. मग चष्म्यावरून खिडकीकडे पाहिलं. "कोण आहे बाहेर?"

"कोनी नाही जी. पोरीले सोडाले आली होती."

पोरी हसल्या. सरही थोडे हसले आणि त्यांचं बोट पटावर खाली सरकलं.

जिजाबाई जिन्याकडे वळल्या. ज्याच्या जिवासाठी देवीला शब्द दिला होता, तो अनंता या वेळी कळमेश्वरला मशीनवर उभा असेल. आठ वाजता त्याची पाळी सुरू होते. आता दहा वाजून गेले होते. त्यांनी कठडा धरला आणि तीन पायऱ्या उतरल्या. वर नावं चालू होती. थोटे. धांडे. नागपुरे. प्रत्येक नावाला वर कोणीतरी ओ देत होतं. त्या तिथंच थांबल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि सगळी नावं संपेपर्यंत खाली उतरल्या नाहीत.